मंडई, गर्दी आणि 'मायबाप' : प्रेक्षकसमूहाच्या नैतिकतेचा प्रश्न

कोणताही उत्सव दीर्घकाळ चालत राहिला की त्याच्याविषयी एक विधान हमखास ऐकू येऊ लागते : पूर्वीची गर्दी आता राहिली नाही. हे विधान मोठे चमत्कारिक आहे. गर्दी संख्येने घटलेली असताना ते केले जाते आणि वाढलेली असतानाही केले जाते. ते करणारा बहुधा स्वतः त्या गर्दीतच उभा असतो, पण मनाने स्वतःला तिच्यातून वगळतो. शिवाय, हे वस्तुस्थितीचे वर्णन आहे, अभिरुचीचा निवाडा आहे की नैतिक तक्रार आहे, हे त्यालाही स्पष्ट नसते. आपल्याकडे आस्वादप्रक्रियेची मीमांसा पुष्कळ झाली. परंतु ती प्रायः एकट्या रसिकाला समोर ठेवून झाली. अनेकांनी मिळून ऐकणे आणि पाहणे ही जी क्रिया, तिच्यात बदल होतो तेव्हा नेमके काय बदलते, आणि त्या बदलाला 'ऱ्हास' म्हणण्याचा अधिकार कोणत्या निकषावर प्राप्त होतो, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. भंडारा जिल्ह्यातील मंडई आणि तिच्या रात्रीचे गायन-नर्तन-नाट्य यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येण्यासारखा आहे.

भंडारा, त्यातूनच १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया, आणि दक्षिणेकडे गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांचा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा प्रदेश 'झाडीपट्टी' म्हणून ओळखला जातो. दिवाळी सरताच या भागात गावोगाव मंडई भरू लागते. हलके धान घरात आलेले असते, भारी धान अजून शेतात असते. हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत असते. गायगोधनाच्या निमित्ताने गोवारी समाजाची ढाल पूजली जाते, नाचवली जाते. गावांच्या मंडया वेगवेगळ्या दिवशी असतात, आणि या व्यवस्थेतच तिचे सामाजिक मर्म आहे : आज जो यजमान, तो उद्या शेजारच्या गावी पाहुणा असतो. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, पुढच्या सोयरिकीही येथेच जुळतात. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक, असा हा क्रम आहे. शंकरपट ज्या गावी, त्या गावी रात्री नाटक, हेही समीकरण या प्रदेशात रूढ झालेले आहे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी येथील बोली आणि लोककला यांच्या अभ्यासाची पायवाट पाडली. गडचिरोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या रंगभूमीचे नाव उर्वरित महाराष्ट्राच्याही कानी गेले.

या समूहाचे वर्णन करताना मराठीत किती शब्द वापरले जातात हे पाहणे उद्बोधक ठरते. ध्वनिक्षेपकावरून त्याला 'रसिक मायबाप' म्हटले जाते. तिकीटविक्रीचा हिशेब करताना तोच 'पब्लिक' होतो. बंदोबस्ताच्या कागदात तो 'जमाव' असतो. आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत 'गर्दी'. माणसे तीच, रात्र तीच. बदलतो तो त्यांच्याशी असलेला बोलणाऱ्याचा संबंध. याचा अर्थ असा की 'गर्दी' ही आधी अस्तित्वात असलेली आणि नंतर नाव मिळालेली वस्तू नाही. एका विशिष्ट संबंधातून पाहिलेला समूह म्हणजे गर्दी. तेव्हा 'गर्दी बदलली' या विधानाची तपासणी म्हणजे संबंध कसा बदलला याची तपासणी होय.

या तपासणीसाठी एक जुना आधार उपलब्ध आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचा, म्हणजे सिद्धीचा, विचार प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून केलेला आहे. सिद्धी दोन प्रकारची : मानुषी आणि दैवी. स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, रोमांच, उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातील अंगठी बक्षीस म्हणून टाकणे, ही सारी मानुषी सिद्धीची लक्षणे. प्रेक्षागृह पूर्ण भरलेले आहे आणि तरीही आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही, ही दैवी सिद्धी. आदर्श प्रेक्षकाचे गुण सांगून झाल्यावर ते सारे एका माणसात सापडत नाहीत, हेही भरत मोकळेपणाने मान्य करतो. तरुण शृंगाराने, शूर युद्धाने, वृद्ध पुराणकथांनी संतुष्ट होतात असे तो सांगतो. समूह संमिश्र असणे हा त्याच्या दृष्टीने दोष नसून गृहीत आहे. आजच्या तक्रारींपैकी बऱ्याच या गृहीताच्या विस्मरणातून जन्मलेल्या आहेत.

अशा तक्रारींचे तीन स्तर करता येतात. पहिला संख्येचा, दुसरा अभिरुचीचा, तिसरा वर्तनाचा. व्यवहारात ते एकमेकांत मिसळलेले असतात आणि म्हणूनच पहिल्या दोहोंविषयीची नाराजी तिसऱ्याच्या नैतिक भाषेत व्यक्त होते.

संख्येचा प्रश्न कलाबाह्य कारणांशी निगडित असतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरवले. दरम्यानच्या वर्षांत पटासाठी जमणारा आणि रात्री नाटकाला थांबणारा समूह आपोआप जमेनासा झाला. २०२० च्या महासाथीने तर रंगमंचच बंद पाडला. या चढउतारांवरून प्रेक्षकांच्या निष्ठेविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

अभिरुचीच्या स्तरावर हान्स रॉबर्ट याऊस याची 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना उपयुक्त ठरते. प्रत्येक पिढी आधीच्या अनुभवांनी घडलेली अपेक्षा घेऊन कलाकृतीसमोर येते. ती अपेक्षा बदलली की तीच कलाकृती वेगळी दिसते. पेटीवर आणि ऑर्गनवर पदे ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला आजच्या नाटकातले इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरचे गाणे परके वाटणे स्वाभाविक आहे. पण हे परकेपण काळाचे आहे, पापाचे नाही. दंडारीवर वाढलेल्याला नाटकही एकेकाळी असेच परके वाटले असेल. प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यातील मंडईला मूळ मंडई समजते.

या संदर्भात एका सर्वस्वी भिन्न सोहळ्याशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाने १९५३ मध्ये सुरू केलेला, भीमसेन जोशी यांनी वाढवलेला आणि त्यांच्या निधनानंतर, २०११ पासून, 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' या नावाने होणारा संगीतोत्सव एकेकाळी रात्रभर चालत असे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची, आणि शासनाने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी बाराची, मर्यादा आली. उत्तररात्रीचे राग जिवंत मैफलीत ऐकण्याची संधी त्यामुळे गेली. ही हानी खरी आहे आणि तिचे दायित्व श्रोत्यांवर नाही. तरीही तेथील जुन्या श्रोत्यांची तक्रार बहुधा खाद्यपदार्थांच्या दालनांविषयी आणि 'नुसते दिसायला येणाऱ्यां'विषयी असते. अभिजात संगीताचा जाणकार आणि मंडईतला जुना दंडारप्रेमी हे सामाजिकदृष्ट्या दोन टोकांवर असले, तरी त्यांच्या तक्रारीचे व्याकरण एकच आहे. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की ही तक्रार कलाप्रकारातून उद्भवत नाही. आपण ज्या समूहाचे होतो तो विरून गेल्याच्या जाणिवेतून ती उद्भवते. दुःख म्हणून ती आदरणीय आहे, निवाडा म्हणून मात्र अपुरी.

उरतो तिसरा स्तर, वर्तनाचा. आणि नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने येथेच सुरू होतो. दंडार सादर करणारे गावचेच असत. नाटकाच्या पहिल्या पर्वातही गावातले हौशी लोक तालमी करीत, नट्या तेवढ्या बाहेरून आणल्या जात. पुढे देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथे व्यावसायिक नाट्यमंडळे स्थिरावली आणि गावाने नाटक 'करणे' थांबवून ते 'आणणे' सुरू केले. यातून नटांना उपजीविका मिळाली, प्रयोगाचा दर्जा सुधारला, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातला संबंध यामुळे मूलतः पालटला. खडी गंमतीत स्त्रीवेष घेऊन नाचणारा नाच्या कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाचा असे. त्याला उद्देशून केलेली थट्टा कितीही आचरट असली, तरी दुसऱ्या दिवशी त्याला धुऱ्यावर भेटावेच लागे. थट्टेला उत्तरदायित्वाची मर्यादा होती.

अलीकडच्या वर्षांत मंडईच्या जाहिरातींत 'डान्स हंगामा' हा शब्द रुळला आहे. येथे नाचणारी मुलगी कोणाचीच कोणी नसते. ती एका रात्रीसाठी येते, तिचे नाव घोषणेपुरते असते, आणि समोरच्या हातांत चित्रण करणारे फोन असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुमसर तालुक्यात मंडईनिमित्त झालेल्या अशाच एका कार्यक्रमाची चित्रफीत सर्वदूर पसरली, गुन्हे नोंदवले गेले, संस्कृती बुडाल्याची चर्चा झाली. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृतीविषयीचे भारतीय दंड संहितेचे तेव्हाचे कलम २९४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९६) जो कृती करतो, जो गातो, त्याला उद्देशून आहे. पाहणारा त्याच्या कक्षेत येत नाही. कायद्यापुरते हे समजण्यासारखे आहे. पण नैतिक विचारानेही तेथेच थांबावे काय? मंचावरच्या कृतीला मंचासमोरच्या मागणीने आकार दिलेला असतो. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर सिद्धी ही प्रेक्षकांच्याच ठायी असते. मग असिद्धीचे दायित्व एकट्या नाचणारीवर कसे टाकता येईल?

याला एक आक्षेप संभवतो. जुन्या समूहातील ज्या ओळखीचा येथे गौरव होतो आहे, ती निरागस होती काय? ओळख म्हणजे जातीचीही ओळख, आणि जातीची ओळख म्हणजे प्रत्येकाची पायरी. स्त्रीची भूमिका पुरुषाने करण्यामागे स्त्रीवरील बंधनेच होती. अनोळखीपण कित्येकांना मुक्त करते : तिकीट काढणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे एक मार्ग कायमचा बंद होतो. जुन्या ओळखीकडे परत जाणे हा उपाय असू शकत नाही. प्रश्न असा उरतो की ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्याविषयीचे उत्तरदायित्व कशाच्या आधारे उभे राहावे?

या प्रश्नाचे उत्तर मंडईच्या स्वतःच्या रचनेत दडलेले आहे. मंडई हा मुळात पाहुण्यांचा उत्सव आहे. पाहुणा ओळखीचा असतो, पण पाहुण्यासोबत आलेला त्याचा मित्र ओळखीचा नसतो. तरी त्याचे ताट मांडले जाते, त्याला झोपायला जागा दिली जाते. पाहुणचाराचा आधार ओळख नसून उंबरठा असतो : जो माझ्या दारी आला, त्याच्या मानाचा भार माझ्यावर. गावाने बोलावून आणलेला कलावंत, मग तो वडशाचा गायक नट असो की नागपूरहून आलेली नर्तकी, या न्यायाने गावचा पाहुणाच ठरतो. मानधन दिल्याने हा संबंध फिटत नाही. लग्नात वाजंत्र्यांना पैसे दिले म्हणून त्यांना उपाशी पाठवले जात नाही. 'रसिक मायबाप' या संबोधनाकडेही या दृष्टीने पुन्हा पाहता येईल. त्यात केवळ प्रेक्षकांची खुशामत आहे असे मानण्याची सवय झाली आहे. वास्तविक त्यात एक मागणी आहे. ज्याला मायबाप म्हटले, त्याच्यावर लेकराची जबाबदारी येऊन पडते. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी 'मानुषता' हे साहित्याचे अंतिम मूल्य मानले. ते कलाकृतीच्या आत शोधले जाते तसे तिच्यासमोर बसलेल्यांतही शोधले पाहिजे. मानुषी सिद्धीतला 'मानुष' हा शब्द तेवढा अर्थ पेलू शकतो.

या विवेचनातून ऱ्हासाचा एक निकष हाती येतो. दंडारीच्या जागी नाटक आले, पेटीच्या जागी इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, शिट्ट्या वाढल्या, शेजारचा माणूस अनोळखी झाला, यांपैकी कशालाही तो शब्द लावता येत नाही. मंचावरून 'मायबाप' अशी हाक येते आणि ती ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ती आपल्याला उद्देशून आहे असे वाटत नाही, तेव्हा तो शब्द वापरता येईल. आणि अशी वेळ आली आहे की नाही, हे जुन्या-नव्याच्या वादातून कळणार नाही. त्यासाठी प्रयोग संपल्यावर, पहाटे तंबू आवरणाऱ्या त्या मंडळींना गावात कोणी चहा विचारतो की नाही, त्या मुलींची गाडी सुखरूप गावाबाहेर पडेपर्यंत आयोजकांपैकी कोणी जागे असते की नाही, एवढे पाहणेही पुरेसे ठरावे.