पायाखालचा आकडा

मुलाखती ऐकून उतरवायच्या म्हणजे दोन्ही हात कीबोर्डवर गुंतलेले. एखादा शब्द निसटला की हात उचला, माउस धरा, मागे जा, पुन्हा ऐका. तोवर अर्धं वाक्य डोक्यातून गेलेलं असतं. माझ्या भाच्याने माळ्यावर टाकलेला गाड्यांच्या शर्यतीचा संच, एक स्टिअरिंग आणि दोन पायडलं, आता माझ्या टेबलाखाली आहे. उजवं पायडल दाबलं की बोलणं सुरू होतं. पाय उचलला की ते थांबतं आणि तीन सेकंद मागे जातं.

हे जमतं, कारण पायडलला शर्यत ठाऊकच नसते. यूएसबीची वायर जोडली की उपकरण संगणकाला आधी आपली ओळख सांगतं: मला इतकी बटणं, इतके अक्ष (कमी-जास्त दाबता-वळवता येणारे भाग), अमुक अक्षाचा आकडा इथून तिथपर्यंत. या ठरलेल्या पद्धतीला एचआयडी म्हणतात. कीबोर्ड आणि माउसही हीच बोली बोलतात. ओळख झाली की पुढे नुसते आकडे येत राहतात. त्या आकड्यांवर गाडी पळवायची हे खेळ ठरवतो. खेळाच्या जागी दुसरा प्रोग्रॅम बसवला, की त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ उघडावं. पाय हळूहळू दाबला की पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकते. बटण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतं, पायडल ‘किती’ तेही सांगतं.

या ‘किती’शी मला बरंच झगडावं लागलं. ऑटोहॉटकी नावाचा मोफत प्रोग्रॅम प्रत्येक अक्ष 0 ते 100 असा वाचतो. मी आधी साधा नियम लिहिला: 50च्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद. पण पाय पन्नाशीच्या आसपास रेंगाळला की आकडा 49, 51, 50 असा थरथरे, आणि मुलाखतीतलं बोलणं उचकी लागल्यासारखं तुटे. मग दोन उंबरठे ठेवले. 60 ओलांडल्यावर चालू, 40च्या खाली आल्यावरच बंद, मधल्या पट्ट्यात जे चाललंय तेच चालू द्यायचं. उचकी थांबली. आणखी एक गोष्ट: पायडल दाबल्यावर ऑटोहॉटकीने पाठवलेली कळ मजकुरात उमटू नये म्हणून मुलाखत वाजवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ती ग्लोबल हॉटकी म्हणून नोंदवावी लागते.

ज्यांचे हात मनासारखे हलत नाहीत त्यांना कुठलंही बटण कुठल्याही कामाला लावायची ही मोकळीक किती मोलाची! मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला मागच्या बाजूला 3.5 मिलिमीटरची 19 भोकं आहेत, हेडफोनच्या पिनेसाठी असतात तसली. त्यांत हनुवटीने, कोपराने किंवा टाचेने दाबायची बटणं खोचता येतात. खेळांसाठी बनलेलं हे साधन विंडोजच्या संगणकालाही जोडता येतं. बटण कुठल्या अवयवाने दाबलं, हे संगणक विचारत नाही.

स्टिअरिंगला मी अगदी अलीकडे काम दिलं. डावीकडे वळवलं की ध्वनिफितीचा वेग उतरतो. त्यासाठी एक हात उचलावा लागतो, पण तो क्वचित. काल एका मुलाखतीत एक आजी मालवणीत भराभर काहीतरी सांगून हसल्या. मी चार वेळा ऐकलं, काही उमगेना. चाक थोडं डावीकडे वळवलं, पाय दाबून धरला, आणि शब्द एकेक करून सुटे झाले.