समास मोकळा ठेवू नका

आपल्या शाळांत ‘वही पूर्ण’ या दोन शब्दांना फार मान आहे. सत्र संपत आले की वह्यांचे गठ्ठे टेबलावर येतात. खाकी कव्हर, अनुक्रमणिका, पानोपानी तांबड्या शाईची खूण. अशी एखादी वही उघडून नीट वाचावी. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ याचे उत्तर वर्गातल्या सगळ्या वह्यांत स्वल्पविरामासह एकच असते. फळ्यावर घाईत एखादा शब्द चुकला असेल, तर तोही तसाच उतरलेला असतो आणि त्यावरही तांबडी खूण असते. त्या पानावर मुलाचे स्वतःचे असे काय, तर हस्ताक्षर.

ही नक्कल आहे आणि ती आपण मुलांकडून दहा-दहा वर्षे करवून घेतो. पुढे परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की तेच मूल अडखळते आणि आपण त्यालाच ‘ढ’ ठरवतो. हा अन्याय आहे. त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला. शिकलेल्या घरात जेवताना कोणीतरी विचारते, ‘पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत, सांग बरं?’ ऊसतोडीला जाणाऱ्या आईला मात्र लेकराचा अभ्यास दिसतो तो त्या तांबड्या खुणेतच. तिचा त्या खुणेवर पूर्ण भरवसा असतो. तो भरवसा आपण कशाच्या बळावर घेतो?

घोकंपट्टीने निदान लक्षात तरी राहते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून, तो मिटून, आठवेल तेवढे तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना 40 टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला पक्के आठवेल असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून निश्चिंत झोपणाऱ्या मुलाची फसगत इथेच होते.

उपाय महागडा नाही, त्याला क्लासही लागत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी टिपणाची एक पद्धत रूढ केली: डाव्या अरुंद पट्टीत प्रश्न, उजवीकडे टिपण, तळाशी थोडक्यात सार. ती पट्टी आपल्या वहीत छापूनच येते. तिला आपण समास म्हणतो आणि तिथे ‘प्र. 1’ एवढेच लिहितो. धडा झाल्यावर पुस्तक मिटून मुलाने समासात आपला प्रश्न लिहावा: ‘माठातलं पाणी गार का होतं?’ समोर आपल्याच भाषेत उत्तर लिहावे: ‘माठातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं.’ मग पुस्तक उघडून राहिलेले दुसऱ्या शाईने भरावे. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने, उजवी बाजू तळहाताने झाकून समासातले प्रश्न सोडवावेत.

अशी वही खाडाखोडीने भरेल, दोन मुलांच्या वह्या सारख्या निघणार नाहीत आणि तपासायला वेळ लागेल. शिक्षकांवर कामांचा बोजा किती आहे, याची जाणीव मला आहे. म्हणूनच सांगतो, सगळी पाने तपासू नका. तासाची शेवटची सात-आठ मिनिटे उत्तरे सांगणे थांबवा, मुलांना पुस्तक मिटून लिहू द्या आणि त्यातल्या चार वह्या वाचा.

पालकसभेतही वह्या दाखवण्याऐवजी ही रीत आईवडिलांना सांगा. वाचता न येणारी आईसुद्धा वही मिटून म्हणू शकते, ‘आज काय शिकलास ते मला सांग.’ मूल कुठे अडले, हे तिला ऐकूनच कळते.