चौकटीतला साक्षीदार

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन मुळात कॉमन नव्हताच, हा युक्तिवाद अलीकडे परिसंवादांतून वरचेवर ऐकू येतो. तो पुरुष, म्हातारा, धोतर-कोटातला शहरी पांढरपेशा. शेतमजूर, गिरणी कामगार, दलित वस्तीतली बाई यांच्या वाट्याचं सामान्यपण त्याने परस्पर आपल्या नावावर करून घेतलं, असं म्हणतात. शिवाय तो तोंड उघडत नाही, म्हणजे त्याला सगळं मान्य आहे; आणि त्याच्याविषयीचा जिव्हाळा म्हणजे मध्यमवर्गाचं स्मरणरंजन. या टीकाकारांची तळमळ खरी आहे. पण त्यांनी चित्र वाचलं, पाहिलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

त्यांचा पहिला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' हे व्यंगचित्र-सदर १९५१ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुरू झालं. प्रारंभी ते बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशी प्रांतोप्रांतीची माणसं गर्दीत काढत. अंक छापायला जायची वेळ रोज डोक्यावर असे. तेव्हा एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी हा एकच उरला, असं त्यांनीच सांगितलं आहे. म्हणजे त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. 'तो आपल्या सर्वांचा प्रतिनिधी' म्हणणारे चाहते आणि 'तो कुणाचा प्रतिनिधी?' विचारणारे टीकाकार दोघेही एकाच चुकीच्या जागी खणत आहेत.

मग तो टिकला कशावर? इथे मला जिनिव्हाच्या एका शाळामास्तराकडे जावं लागतं. रोदोल्फ टोप्फर हा चित्रकाराचा मुलगा. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याचं स्वतःचं चित्रकार होणं राहून गेलं आणि तो रेषांनी गोष्टी सांगू लागला. १८४५ साली त्याने मुखचर्येवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की कितीही अडाणी हाताने काढलेला असला, तरी चेहऱ्याला स्वभाव असतोच. वर्तुळात दोन ठिपके आणि एक आडवी रेघ काढा; कुणीतरी तुमच्याकडे बघू लागतं. रेघ जराशी कलवा, माणूस बदलतो. म्हणून चित्रकाराने शरीरशास्त्र घोकत बसू नये. रेघा मारत जावं आणि कोण उमटलं ते पाहावं. कलेतिहासकार ई. एच. गॉम्ब्रिच यांनी १९६० च्या 'आर्ट अँड इल्यूजन'मध्ये याला 'टोप्फरचा नियम' म्हटलं आणि या मास्तराला कलाविचारात मानाची जागा दिली.

टोप्फरने पुढे जे सांगितलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. चेहऱ्यावरच्या खुणा दोन प्रकारच्या असतात: कायमच्या खुणा स्वभाव सांगतात, येत्याजात्या खुणा त्या क्षणाचा भाव सांगतात. आता कॉमन मॅनकडे पाहा. टक्कल, मागे उरलेले पांढरे केस, गोळा नाक, चष्मा, झुपकेदार मिशी. पंतप्रधान बदलले, पक्ष फुटले, यातली एकही खूण ढळली नाही. मिशीने तोंड झाकलेलं, त्यामुळे हसू की हुंदका हे ओठांवरून कळण्याची सोयच नाही. येत्याजात्या खुणांसाठी लक्ष्मण यांनी जागा ठेवली ती भुवयांपुरती आणि मानेच्या कलापुरती. एवढ्या अरुंद जागेत त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ विस्मय, धास्ती, शरम आणि अविश्वास यांच्या छटा वेगळ्या राखल्या.

आणि तो कोट! पॉकेट कार्टून म्हणजे वर्तमानपत्राच्या रद्दड कागदावर वीतभरही नसलेली जागा. त्यात काळी शाई आणि कोरा कागद यांच्यामध्ये तिसरा रंग नाही. चौकड्यांच्या रेघोट्यांनी कोटावर एक राखाडी पट्टा तयार होतो. त्यामुळे पुढारी, सचिव, शिपाई यांच्या गर्दीतही डोळा त्याला नेमका हुडकतो, तो कडेला अर्धा झाकलेला असला तरी.

या कडेच्या जागेतच खरं मर्म आहे. पंधराव्या शतकात इटालियन कलाविचारवंत आल्बेर्तीने चित्रकारांना सल्ला दिला होता, की चित्रातल्या एका व्यक्तीने प्रेक्षकाकडे बघून काय घडतंय ते खुणावावं. कॉमन मॅन नेमकं उलट करतो. आपल्याकडे वळून तो क्वचितच दाद मागतो. त्याची नजर बोलणाऱ्यावर असते. याउलट लक्ष्मण यांनीच १९५४ साली एशियन पेंट्सच्या जाहिरातींसाठी गट्टू काढला. हात तोच, पोरगा गोड, पण तो गिऱ्हाइकाकडे बघत होता. कंपनीने त्याला रजा दिली आणि तो आठवणीत जमा झाला. कॉमन मॅनलाही टपाल तिकिटावर, एअर डेक्कनच्या विमानावर, पुण्यात आणि वरळीला पुतळ्यात उभं केलं गेलं. तिथे तो ओळखू येतो, पण कुणाचं तरी ऐकत उभा नसल्यामुळे निम्मा उरतो.

म्हणून मौन म्हणजे संमती, हा आरोप मला अमान्य आहे. मंत्रिमंडळाची बैठक, विमानातून चाललेली पूरपाहणी, परदेशी शिष्टमंडळ: जिथे आपल्याला कुणी उंबरा ओलांडू देणार नाही तिथे तो बिनबोलावता हजर असतो, आणि सत्तेला जे बोलायचं ते त्याच्यादेखत बोलावं लागतं. त्याने उत्तर दिलं असतं तर निकाल त्याचा झाला असता. तो गप्प राहतो म्हणून निकाल आपल्यावर येतो. १९८८ मध्ये लक्ष्मण यांच्याच चित्रविश्वावरून 'वागळे की दुनिया' ही मालिका आली. वागळे बोलका आणि प्रेमळ होता. पण तो वागळे होता; त्याच्याबाबतीत काय ते आपण नव्हे, त्यानेच ठरवलं.

इथवर आल्यावर टीकाकारांची एक मागणी मला माझीच वाटू लागते. ही साक्षीदाराची जागा जर इतकी बळकट असेल, तर तिथे कायम एकच म्हातारा का? २०१५ साली लक्ष्मण गेले आणि ती जागा मोकळी झाली. ऊसतोड करणारी बाई, घरोघर पार्सल पोचवणारा तरुण, आश्रमशाळेतली मुलगी तिथे यायलाच हवीत. मात्र ती जाहीरनाम्यातून येणार नाहीत. कुणा चित्रकाराला रोज उठून, त्याच घाईत, त्यांच्या कायमच्या खुणा शोधाव्या लागतील आणि त्यांना सत्तेच्या इतक्या जवळ उभं करावं लागेल, की बोलणाऱ्याची जीभ अडखळेल. कॉमन मॅनवर नाराज असलेल्यांनी अशी रेषा मागावी, तिला पहिल्या पानावर जागा मागावी. त्या लढ्यात मी त्यांच्या बाजूने आहे.