क्षितिजाची अक्षरं किती?

पहाटे साडेपाचला सोनगीरच्या किल्ल्याची कड नुकती दिसू लागते. गावात तांबटांचे ठोके सुरू व्हायला अजून अवकाश असतो. ही वेळ मी माझ्या प्लगइनसाठी राखून ठेवली आहे.

प्लगइन लहानसं आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमिरर या एडिटरला ते जोडलं की प्रत्येक ओळीची अक्षरं मोजून समासात आकडा दाखवतं. एडिटर कोड लिहिणाऱ्यांचा, पण मी हे केलं अभंग रचणाऱ्यांसाठी. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत 6-6 अक्षरं, चौथ्यात 4. शिरपूरकडचे एक निवृत्त गुरुजी ते रोज वापरतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "भाऊ, चरण सहाचाच आहे. तुझं यंत्र सात सांगतं."

चूक माझीच होती. त्यांच्या चरणातला 'क्षितिज' आपण तीन अक्षरांत म्हणतो. संगणक क, हलन्त, ष, वेलांटी असं सगळं सुटं साठवतो. त्याच्या हिशेबी ती 7 चिन्हं. म्हणून मी युनिकोडचा अक्षरगटांचा नियम घेतला होता, पण जुना. तो क् आणि षि वेगळे धरायचा, उत्तर 4. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरणारा नियम सप्टेंबर 2023 मध्ये, युनिकोड 15.1 मध्ये आला. त्याने 3 येतात. इतकी वर्षं आपली जोडाक्षरं मोजणीत फुटत राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ज्यांनी चिकाटीने तो नियम घडवला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते.

तरी नियमावर सगळं सोडता येत नाही. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला 'त्' तो एक अक्षर धरतो. छंदात तो मोजत नाहीत. 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो सारखाच. बेरीजही सारखीच यायला हवी.

शिवाय खालची जमीनही हलते. मराइन हाव्हरबेके यांनी 2007 मध्ये सुरू केलेला कोडमिरर 2022 मध्ये सहाव्या आवृत्तीत पायापासून नव्याने लिहिला गेला. पाचवीची प्लगइन तिथे चालत नाहीत. पूर्वी प्लगइन थेट मजकुरात हात घालत असे. आता प्रत्येक बदल 'ट्रान्झॅक्शन' म्हणून एडिटरपुढे मांडावा लागतो. माझं तर नुसतं मोजण्याचं काम, तरी समासाचा सगळा भाग परत लिहावा लागला.

लहानपणी घरच्या पितळी पातेल्यांना कल्हई व्हायची. भात्याने निखारे फुलवायचे, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचं. पातेलं तेच, आतला थर नवा. तो झिजला की ताक कळकायचं. ते आधी पिणाऱ्याच्या जिभेला कळायचं, भांडं घडवणाऱ्याला नाही. गुरुजींचा फोन आला तेव्हा मला ते कळकलेलं ताक आठवलं.

आज चाचणीच्या ओळींत त्यांचा चरण सगळ्यांत वर ठेवला आहे. समासात 6 उमटले. खाली 'अर्थात्' टंकलं. 3 येतात, 2 हवेत. उजाडेपर्यंत अजून थोडा वेळ आहे.