दिवस पाळावा की न पाळावा?

आजचं वचन: रोमकरांस पत्र १४:५-६
१ नोव्हेंबर, सर्व पवित्र जनांचा दिवस



काल रात्री रामदासपेठेतल्या आमच्या घरी जेवताना वाद झाला. मी म्हटलं, उद्या ऑफिसच्या आधी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला जाऊ, तिथून आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावून येऊ. दादा म्हणाला, "तू जा. मी माणसांचे दिवस पाळत नाही." ज्या आजीने त्याला बायबल वाचायला शिकवलं, तिच्याबद्दल हे बोलणं मला फार लागलं.

पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मध्यस्थ एकच, प्रभू येशू (१ तीमथ्य २:५). मग दुसऱ्या कुणाच्या नावाने दिवस पाळला की मान कुणाकडे जातो? शिवाय आपल्या मराठी कानांना 'संत' म्हटलं की तुकोबा, ज्ञानोबा आणि पुण्यतिथी आठवते. मराठी बायबल मात्र 'पवित्र जन' म्हणतं. आणि पौल ते म्हणतो कुणाला? करिंथच्या मंडळीला, जिथे भाऊ भावाला कोर्टात खेचत होता!

पंडिता रमाबाईंचंच घ्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. अमेरिकेतली एपिस्कोपल मंडळी त्यांची आठवण ५ एप्रिलला करते, इंग्लंडची मंडळी ३० एप्रिलला. म्हणजे तारखेत काही जादू नाही, हे तर उघडच आहे. पण त्यांचं नाव निघालं की मला हात जोडावेसे वाटत नाहीत, लाज वाटते. त्यांनी विधवांना, दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावला आसरा दिला, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. आणि मी? वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंकडे महिनाभर डोकावले नाही. एखादा दिवस असं टोचत असेल, तर तो मला हवा आहे.

गंमत म्हणजे हा वाद आपल्या नागपूरला नवा नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत पवित्र जनांचे दिवस पाळणारे अँग्लिकन होते, आणि अशा दिवसांची सवयच नसलेले बाप्टिस्ट, ब्रदरेनही होते. तरी एका मेजाभोवती बसले.

पौल म्हणतो, पाळणारा प्रभूसाठी पाळतो, न पाळणाराही प्रभूसाठीच. इथवर मला सोपं वाटलं. पुढे दहाव्या वचनात तो विचारतो की भावाला तुच्छ का लेखतोस, आणि तिथे मी अडकले. कारण काल मी दादाला म्हटलं होतं, "तुला आजीची किंमतच नाही." दिवसाची बाजू घेता घेता वचन मीच मोडलं.

आता निघते. आधी दादाचं दार वाजवायचं आहे.

प्रार्थना: देवबापा, आजीसाठी तुझे आभार. दादाशी बोलताना माझी जीभ सांभाळ. येशूच्या नावात, आमेन.