शिलोहाचा बुरूज आणि लंडनची विहीर

शास्त्रपाठ : लूक १३ : १ ते ५



शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं. तीं इतरांहून अधिक अपराधी नव्हतीं, असें सांगून प्रभूनें ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करावयास लाविलें. तरी शेजाऱ्याच्या घरीं रोग शिरला म्हणजे आपण पहिल्यानें त्याचें पाप शोधूं लागतों.

गिरण्या-कारखान्यांच्या युगांत लंडन शहर झपाट्यानें वाढलें. दाटीच्या वस्त्यांत घराखालीं मैल्याचे खड्डे आणि त्यांना लागूनच पिण्याच्या विहिरी असत. इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथील सोहो भागांत पटकीची सांथ उठली व दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. दुर्गंधीनें पटकी होते, असें बहुतेक विद्वान मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मात्र ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीवरील पंपास दोष दिला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यांत आला; पण सांथ आधींच ओसरूं लागल्यामुळें पुष्कळांची खात्री पटली नाहीं.

तेथील तरुण साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड यांनाही तें पटलें नाहीं. डॉक्टरांची चूक दाखवावी म्हणून ते घरोघर फिरले. कोण मेलें, कोण वांचलें, कोणीं कोणतें पाणी प्यालें, हें त्यांनीं विचारलें. विचारतां विचारतां त्यांचें स्वतःचेंच मत ढासळलें. पुढें १८५५ सालीं मृत्यूंच्या नोंदींत त्यांना विहिरीलगतच्या घरांतील पांच महिन्यांचें एक बाळ आढळलें. आईनें त्याचीं मळलेलीं फडकीं धुऊन तें पाणी घरच्या खड्ड्यांत ओतलें होतें. खणून पाहिलें तों खड्ड्याच्या विटा ढासळलेल्या, आणि विहीर तीन फुटांच्याही आंत!

त्या माउलीचें पाप कोणतें? तिनें लेंकराची सेवाच केली. पाप शोधीत बसणाऱ्यास तो खड्डा कधींच दिसला नसता. आणि पाळकानें आपली चूक उघड कबूल केली. मन फिरविणें म्हणतात तें हेंच.

उपदेशक बंधूंनो, गांवांत हगवण-ओकारी सुरू झाल्यास दोष देऊं नका, दारोदार जा. प्रार्थना करा, आणि पाणी कोठचें तेंही विचारा. पाणी उकळावयास सांगा, आजाऱ्यास मीठ-साखरेचें पाणी पाजा, दवाखान्यांत तत्काळ कळवा. विहिरीजवळ घाण सांचूं देऊं नका. शेजाऱ्यावरील प्रीति तेथेंही दिसली पाहिजे.

प्रभु आपणांस चूक कबूल करणारें नम्र मन देवो. आमेन.