घोड्याचा नकार

26 सप्टेंबर 2023 रोजी चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा असे चौघे, आणि त्यांचे चार घोडे. घोडेस्वारीत भारताला याआधीचं सुवर्ण मिळालं होतं ते 1982 साली दिल्लीत. त्यामुळे मराठी घरांतल्या टीव्हीपुढे बसलेल्या कित्येकांनी ड्रेसाज हा प्रकार त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. घोडा तिरका चालतो, जागच्या जागी पावलं उचलतो, वळतो, निश्चल उभा राहतो, आणि स्वार मात्र जराही हललेला दिसत नाही. शर्यत नाही, उडी नाही, मग गुण कसले देतात? असं विचारता विचारताच माणूस या खेळात गुंतत जातो. आधी चाली ओळखू येतात, मग घोड्यांची नावं पाठ होतात, आणि एक दिवस मध्यरात्री उठून कुठल्याशा युरोपीय गावातली स्पर्धा पाहिली जाते.

या गुंतण्याच्या पोटात एक प्रश्न असतो आणि तो बहुतेकांच्या मनात उशिराच येतो. बॉक्सर ठोसे खातो, गिर्यारोहक जीव पणाला लावतो. तो त्याचा त्याचा निर्णय असतो. घोडेस्वारीच्या मैदानात दोन खेळाडू उतरतात आणि त्यातल्या एकाला कुणी विचारलेलंच नसतं. घोड्याच्या लेखी ऑलिंपिक नाही, देश नाही, पदकही नाही. मग ज्याची संमती घेतलेली नाही, त्याच्या पराक्रमावर टाळ्या वाजवणं कितपत योग्य?

घोड्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, असं मात्र नाही. शो जंपिंगमध्ये घोडा अडथळ्यापुढे अडला तर चार दोषांक, दुसऱ्यांदा अडला तर जोडी बाद. इव्हेंटिंगच्या क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या दौडीत, पहिल्या नकाराला 20 दोषांक लागतात, त्याच अडथळ्याला पुन्हा अडला तर 40. म्हणजे घोड्याच्या नकाराची नोंद हा खेळ अगदी काटेकोरपणे ठेवतो, पण ती चुकांच्या रकान्यात. घोडा घाबरला होता, पाय दुखत होता, की स्वाराने त्याला चुकीच्या अंतरावरून आणलं होतं, हे गुणफलकाला ठाऊक नसतं. घोडेस्वारीच्या साऱ्या नैतिक अडचणीचं मूळ इथे आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2021 रोजी हे मूळ साऱ्या जगाला उघडं दिसलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये तलवारबाजी आणि पोहणं झाल्यावर जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. त्या खेळात घोडा स्वतःचा नसायचा. चिठ्ठी टाकून अनोळखी घोडा मिळायचा आणि ओळख करून घ्यायला मिळायची फक्त 20 मिनिटं. तिच्या वाट्याला आला सेंट बॉय. त्याआधीच्या स्वाराबरोबरही तो अडला होता. श्लॉयला घेऊन तो मैदानात आला तो मागे मागे सरकतच. ती रडायला लागली. कुंपणाबाहेरून प्रशिक्षक किम राइस्नर ओरडून सांगत होत्या, मार त्याला; आणि त्यांनी स्वतःही घोड्याला मूठ मारली. त्यांची ऑलिंपिकमधून हकालपट्टी झाली. श्लॉयचं पदक गेलं. पुढे पेंटॅथलॉनच्या जागतिक संघटनेने ठरवलं की पॅरिस 2024 नंतर या खेळात घोडाच नको, त्याऐवजी माणसांनी पार करायची अडथळ्यांची शर्यत असेल. एका घोड्याने नकार दिला आणि शंभरेक वर्षांचा प्रघात मोडला. त्या दिवशी टीव्हीपुढे बसलेल्या ज्या कुणाला श्लॉयचे अश्रू दिसले पण सेंट बॉयचे मागे सरकणारे पाय दिसले नाहीत, त्याच्यासाठी या खेळाचं शिक्षण अजून सुरूच व्हायचं आहे.

तत्त्वज्ञानाने घोड्याकडे पाहिलं ते बहुधा असंच, अर्ध्या नजरेने. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. ग्रीसमध्ये प्लेटोनेही आत्म्याचं चित्र सारथी आणि दोन घोडे असंच रंगवलं. दोन्हीकडे घोडा म्हणजे आवरायची गोष्ट. त्याला स्वतःचं काही म्हणणं असेल, हा विचार त्या रूपकांत बसतच नाही.

महाभारत मात्र इथे वेगळं आहे, आणि या विषयात ते उपनिषदापेक्षा जास्त शहाणं वाटतं. द्रोणपर्वात जयद्रथाचा पाठलाग चालू असताना अर्जुनाचे घोडे थकतात, बाणांनी घायाळ होतात. सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची आहे, एकेक क्षण मोलाचा आहे. तरीही रथ थांबतो. अर्जुन जमिनीवर उतरून शत्रूला थोपवून धरतो आणि त्याच रणभूमीवर बाण मारून घोड्यांसाठी पाणी काढतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारा घालतो, आणि मग पुन्हा जुंपतो. युद्धात घोड्यांना ओढलं याचं समर्थन यातून होत नाही. पण ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याचा थकवा हा आपल्या वेळापत्रकापेक्षा मोठा, एवढं तरी त्या प्रसंगात ठाम दिसतं. आधुनिक स्पर्धेत क्रॉस-कंट्रीनंतर बर्फाच्या बादल्या घेऊन धावणाऱ्या मोतद्दारांना पाहताना हा प्रसंग आठवणं स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रात घोड्यासाठी लाखो लोक जमतात ते वारीच्या रिंगणाला. आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळ्यांचे दोन अश्व असतात. एकावर स्वार, दुसरा रिकामा. त्याच्या पाठीवर माऊली बसलेली आहे ही श्रद्धा. अश्व धावून गेले की वारकरी टापांखालची माती कपाळाला लावतात. तिथे गुण नाहीत, हार-जीत नाही, आणि घोडा पूज्य आहे. म्हणून संमतीचा प्रश्न तिथे सुटतो का? सुटत नाही. पूज्य प्राण्यालाही तहान लागते, गर्दीला तोही बुजतो, त्याच्याही नालेत खडा अडकतो. श्रद्धेमुळे घोड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि तो उपकरण उरत नाही, हे फार मोठं आहे. पण नुसत्या आदराने त्याची काळजी घेतली जात नाही, ती कुणीतरी रोज पहाटे उठून घ्यावी लागते.

चाहत्यांच्या तोंडी एक उत्तर कायम तयार असतं: घोड्याला हे आवडतं. पुरावा म्हणून ते सांगतात, स्वार पडल्यावरही काही घोडे पुढचे अडथळे आपणहून ओलांडत जातात. ते खरं आहे. आणि बरेच घोडे अडथळ्याला वळसा घालून निघून जातात, हेही तितकंच खरं आहे. चिलीच्या विन्या देल मार इथे 5 फेब्रुवारी 1949 रोजी कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल यांच्या हुआसो या घोड्याने 2.47 मीटर उंच उडी मारली. हा जागतिक उच्चांक आजही कुणी मोडलेला नाही. हुआसो शर्यतीत अपयशी ठरलेला घोडा होता, वय 16 वर्षं, आणि उडी साधली ती तिसऱ्या प्रयत्नात. माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर असलेल्या दांडीवरून एवढं धूड केवळ चाबकाच्या धाकाने नेता येईल, यावर विश्वास बसत नाही. घोड्याने त्यात स्वतःचं काहीतरी घातलंच असणार. ग्रीक सेनानी झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच बजावलं होतं की सक्तीने करवून घेतलेल्या हालचालीत घोड्याची समज नसते आणि सौंदर्यही नसतं. तरी ‘काहीतरी घातलं’ म्हणजे ‘होकार दिला’ असं होत नाही. कामात जीव ओतणारा वेठबिगारही असू शकतो.

आणि घोडा किती बारीक ऐकतो, याची कल्पना आली की जबाबदारी आणखी वाढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. उत्तर जवळ आलं की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. पुस्तकं याकडे फसगत म्हणून बोट दाखवतात. खरं तर ही थक्क करणारी गोष्ट आहे: माणसाला स्वतःलाही न कळणारी हालचाल घोड्याला कळते. ड्रेसाज उभा आहे तो याच क्षमतेवर. स्वाराचं वजन जरासं सरकलं, पोटरी किंचित आवळली, की घोडा उत्तर देतो. इतक्या तलख प्राण्याला चाबकाचा फटका कसा जाणवत असेल?

शार्लट दुजार्डिनच्या बाबतीत चाहत्यांना हाच प्रश्न जिव्हारी लागला. व्हॅलेग्रो या घोड्यावर तिने 2012 आणि 2016 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. डिसेंबर 2014 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात संगीतावरच्या फेरीत या जोडीला 94.3 टक्के गुण मिळाले. जगभरात कितीतरी लोक त्या फेरीचं चित्रीकरण पाहूनच या खेळाचे झाले. पॅरिस ऑलिंपिक तोंडावर असताना, जुलै 2024 मध्ये एक जुना व्हिडिओ पुढे आला. त्यात शिकवणी चालू असताना दुजार्डिन खाली उभी राहून एका विद्यार्थ्याच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाचे फटके मारत होती. तक्रारदाराच्या वकिलांच्या म्हणण्यानुसार मिनिटभरात 24. तिने माफी मागितली, पॅरिसमधून माघार घेतली. घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेने तिला वर्षभरासाठी निलंबित केलं आणि 10,000 स्विस फ्रँक दंड केला.

तो घोडा व्हॅलेग्रो नव्हता. तरीही त्या दिवसानंतर 2014 ची फेरी पूर्वीसारखी पाहता येत नाही. एखाद्या भजनात रंगून जावं आणि गाणाऱ्याच्या घरातली मारहाण नंतर कळावी, तसं हे आहे. सूर खोटे ठरत नाहीत. ऐकणाऱ्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास डळमळतो. डोळ्यांना सुसंवाद दिसला होता. त्यामागे काय होतं, ते डोळ्यांना दिसणार नव्हतं, आणि चाहत्याने कधी विचारलंही नव्हतं. ड्रेसाजच्या नियमांत सुरुवातीलाच घोडा हा आनंदी खेळाडू असावा असं म्हटलेलं होतं. आनंदाला गुण द्यायचे, तर आनंद ओळखता यायला हवा.

तो ओळखण्याचं शास्त्र आता हळूहळू आकार घेतंय. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या वेदनेची 24 लक्षणं नोंदवली आहेत: कान मागे पडणं, तोंड वारंवार उघडणं, शेपटी झटकणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, आणि अशीच इतर. त्यातली आठ किंवा अधिक एकत्र दिसली, तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी 23 घोड्यांना फळ्यांवरची चिन्हं शिकवली: एक म्हणजे झूल घाला, दुसरं म्हणजे काढा, तिसरं म्हणजे आहे तसंच राहू द्या. सगळे घोडे दोन आठवड्यांत शिकले. गारठ्यात, पावसात ते झूल मागायचे, ऊन पडलं की काढायला सांगायचे. विचारलं तर घोडा उत्तर देतो, हे एकदा सिद्ध झालं की ‘त्याला कुठे बोलता येतं’ ही सबब उरत नाही.

रिओ ऑलिंपिकमधला एक प्रसंग याच संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. नेदरलँड्सच्या आडेलिंडे कोर्नेलिसेनचा 19 वर्षांचा घोडा पार्झिवाल स्पर्धेच्या आदल्या दिवशी आजारी पडला. जबडा सुजला, ताप चढला. बहुधा कीटक चावला होता. ताप उतरल्यावर ती मैदानात आली, फेरी सुरू केली, आणि मध्येच थांबली. पंचांना नमस्कार करून तिने घोडा बाहेर नेला. डच संघ चौथा आला, पदक हुकलं. मुळात उतरलीच कशाला, असं विचारणारे टीकाकारही होते, आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण घोड्याने नकार द्यायच्या आत स्वाराने तो ऐकला, असे प्रसंग या खेळाच्या इतिहासात मोजकेच. गुणफलकावर मात्र त्यासाठी जागा नाही. तिथे ती नुसती अपूर्ण राहिलेली फेरी असते.

पॅरिसनंतर काहींनी हा खेळ पाहणं सोडलं, आणि त्यांना चूक ठरवता येत नाही. जे राहिले आहेत, त्यांच्यातले जाणते चाहते आता मुख्य मैदानाआधी सरावाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहतात. ब्राझीलच्या कार्लोस पारोला पॅरिसमध्ये घोड्याची मान अती वाकवल्याबद्दल ताकीद मिळाली ती सरावातल्या छायाचित्रांवरून. घोड्याच्या नाकावरचा पट्टा किती आवळला आहे, हे पूर्वी अधिकारी दोन बोटं घालून पाहायचे. 2025 पासून त्यासाठी ठरलेलं मोजमापाचं साधन वापरतात, कारण लोक वर्षानुवर्षं आवळलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवत राहिले. पुढची मागणी नकाराच्या रकान्याची असायला हवी: अडलेल्या घोड्याची त्याच दिवशी पशुवैद्याकडून तपासणी, आणि ती झाल्याशिवाय त्या घोड्याला पुढच्या फेरीत प्रवेश नाही.